गाजरगवत आणि कानबाईची जागा

अहो मुक्ताचे बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची कधी वेळच आली नाही, घरातच तर होता. पण काल मुक्ताचं मनगट पाहिलं आणि राहवेना. तेच लाल चट्टे. सुरुवातीला तुमचे होते तसेच.

श्रावण जवळ आला म्हणून लेक मला न सांगता मागच्या प्लॉटवर गेली, कानबाई देवी मांडायची जागा साफ करायला. तुमच्यासारखीच अनवाणी, नुसत्या हातांनी.

शहाऐंशी साली आपण धुळ्याहून कामासाठी इकडे परमुलखात, सामरवरणीत आलो तेव्हा तिथे भाताचं शेत होतं, आठवतं? मग प्लॉट पडले, ट्रकांनी कुठली कुठली माती आणून टाकली आणि तिच्याबरोबर हे गाजरगवत आलं. मला ती बारीक पांढरी फुलं आवडायची, खोटं कशाला बोलू? आता ती वाऱ्यावर हलली तरी मी खिडकी लावून घेते.

चाळीतले सगळे खान्देशी तुमच्याच भरवशावर कानबाई मांडायचे. जागा घरच्या माणसाने हाताने उपटून करायची, विळा लावायचा नाही, ही तुमच्या घरची रीत. गुजराती खोलीमालकीण औषध फवारायला सांगत म्हणाली होती, "भाई, दवा छांटी दो ने." तुम्ही म्हणालात, "माय जठे बसस, तठे जहर कसं शिंपू?" मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता.

मग चट्टे मानेवर चढले, पापण्या सुजल्या. डॉक्टरांनी गवताचं नाव घेऊन बजावलं. तुम्ही मात्र उष्णता झाली म्हणत सब्जा पीत बसलात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ते तुमच्याकडे पाहून पटलं. दम लागायला लागला, तरी नरोलीच्या कंपनीतून सुटलात की आधी मागे गवत उपटायला. शेवटी त्या दम्यानेच तुम्हाला नेलं. एकदा माझं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं हो? फार राग येतो मला तुमचा. आणि तुमच्याशिवाय करमतही नाही.

मुक्ता आज सकाळपासून खोकते आहे. रागावले तर म्हणते, "आई, बाबांचं काम आहे ते. मी नाही तर कोण करणार?" तिला गावी न्यावं, तर भाऊजी सांगतात की आपल्या बांधावरही हेच माजलंय.

म्हणून ठरवलंय. यंदा आपली कानबाई बसणार नाही, आणि त्या जागेवर मी औषध मारून घेणार आहे. शब्द देते, लेकीला त्या गवतात पुन्हा पाऊल टाकू देणार नाही. चाळीतल्या बायका म्हणतात, देवी कोपेल. भीती मलाही वाटते. पण तुम्ही आता तिच्याजवळ आहात ना? मग सांगा तिला, कोपायचं तर माझ्यावर कोप. पोरीला हात लावू नकोस.

तुमचीच,
मुक्ताची आई