शून्य लिहिलेली कार्डं

दादा,

हल्ली मी कशावर पोट भरतो ते सांगितलं तर तुम्ही हसाल. लोक फोनवरून एकमेकांना जे लिहितात, त्याची लांबी मी मोजतो. कुणी काय लिहिलं ते मला दिसत नाही, कोणत्या दोघांत किती शब्द गेले त्याचे नुसते आकडे दिसतात. त्यांचा आलेख काढला की डावीकडे बहुधा 'हो', 'बघतो', 'पोचलो' असणाऱ्या एक-दोन शब्दांच्या संदेशांचा ढीग लागतो आणि उजवीकडे लांबलचक संदेशांची बारीक होत गेलेली शेपटी, जी संपता संपत नाही. परवा मी सहकाऱ्यांना सांगत होतो, की दोघांचं बोलणं तुटण्याआधी एकाचे संदेश आखडत जातात आणि दुसऱ्याचे बराच काळ तेवढेच राहतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र सेलूचं आपलं स्वयंपाकघर आठवलं.

तिथल्या टपाल कचेरीत तुम्ही तारबाबू. दिवसभर लोकांच्या तारा घ्यायच्या, पैसे शब्दांवर म्हणून पेन्सिलचं टोक शब्दाशब्दावर टेकवत मोजायचं आणि कोपऱ्यात आकडा टाकायचा. घरी आल्यावरही हात थांबत नसे. लग्नपत्रिकासुद्धा मोजूनच फळीवर जायची. आई म्हणायची, "मी बोलायले ते बी मोजायलाव का?" तुम्ही म्हणायचात, "तेवढी पेन्सिल न्हाई माज्याकडं."

मला मात्र औरंगाबादच्या वसतिगृहात तुमचं पोस्टकार्ड यायचं ते ठासून भरलेलं, पत्त्याच्या बाजूलाही दोन ओळी घुसलेल्या. निजामाच्या राजवटीत तुमचं शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे मराठी बोलायचात तशीच कागदावर उतरायची. कार्ड उघडं. एकदा खानावळीत कुणीतरी ते मोठ्याने वाचलं, "लय वाळलास म्हणं. दूध पेत जा. आमी बरे हाव." सगळी मुलं हसली. त्यांच्यात मीही हसलो, दादा. तेव्हापासून माझी पत्रं आखडली. पुढे विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस आले, शहर बंद, जिल्ह्याजिल्ह्यांतून वाईट बातम्या. तुमचा जीव टांगणीला लागला असणार हे कळत असूनही मी दोन महिने काहीच लिहिलं नाही.

सुट्टीत घरी आलो तेव्हा तुम्ही चुलीपाशी जेवत होता. "टपाल बंद होतं," मी म्हणालो. आणि हे सांगत होतो कुणाला, तर रोज औरंगाबादची थैली ज्याच्या डोळ्यांदेखत उघडली जायची त्याला. शेजारच्या मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांचा मुलगा माझ्याच वसतिगृहात. "बंद कसं? आमच्या पोराची तर पत्रं आली की." तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. मग तुम्ही त्यांना म्हणालात, "मधी काही थैल्या अडकल्या व्हत्या, बाई. तुमची सुटली, आमची ऱ्हायली." माझ्याकडे न बघता म्हणालात, "जेव तू." कुणाच्या तारेतला एक शब्द इकडचा तिकडे न केलेला माझा बाप माझ्यासाठी खोटं बोलला. मी मान खाली घालून जेवलो, आणि भाकरी आणखी मागून घेतली.

तुम्ही गेल्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीवरची पत्रं टोचायची सळई मी खाली काढली. माझं प्रत्येक पत्र तिच्यात क्रमाने होतं, कोपऱ्यात पेन्सिलने आकडा. एकशे चाळीस. नव्वद. एकतीस. अकरा. त्यानंतर दोन कोरी कार्डं, वर तुमच्या अक्षरात महिन्याचं नाव आणि कोपऱ्यात शून्य. परवा मोठ्या ऐटीत मांडलेला आलेख तुम्ही कितीतरी आधी भिंतीला टांगून ठेवला होता.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते इथेच राहील. आज वाटलं, तुमच्याही कार्डांवरचे शब्द मोजावेत. माझे कमी होत गेले तेव्हा तुमचे कमी झाले का, एवढंच बघायचं होतं. पण ते मोजता येणार नाहीत. खानावळीतल्या त्या दिवसानंतर तुमचं कार्ड आलं की मी ते कुणी बघण्याआधी फाडत होतो. शेवटची काही तर न वाचताच.