सॅटिनवरची ओली अक्षरं

आई, उद्या मला एक मानपत्र वाचायचं आहे आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मानपत्र म्हणजे जिवंत माणसाचं श्राद्ध, असं मी व्यासपीठावरून कितीदा गरजले आहे. पण हे एका सुईणीचं आहे. जिने अर्धा गाव जगात आणला, तिच्यासाठी नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तुझ्या नातीने ते घरच्या प्रिंटरवर सॅटिनवर छापलं. मऊ कापड यंत्रात गोळा होतं, म्हणून तिने ते जाड कागदावर डकवलं आणि कागदासारखंच आत सोडलं. अक्षरं झरझर उमटत बाहेर आली. मी विचारलं, "आधी चिंधीवर काढून बघितलंस?" ती हसली. "आई, प्रिंटर आहे तो. सभा नाही तुझी, एवढं टेन्शन घ्यायला." तेव्हापासून मी त्या कापडासमोर खुर्ची टाकून बसले आहे.

माझ्यापुढे आपलं रत्नागिरीचं स्वयंपाकघर उभं राहतं. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. बाबा मुंबईला आणि तू महिला मंडळाच्या वर्गात स्क्रीन छपाई शिकलेली. जेवणं उरकली की ओटा पुसायचा, चूल विझवायची, कारण शाई आणि ती पुसायचं रॉकेल आगीजवळ नको. मग जाळी ताणलेली लाकडी चौकट मांडून तू रबराची पट्टी एका दमात खाली ओढतेस. कापडी पिशव्या, प्लॅस्टिक, रेक्झिन, आंब्याच्या पेटीची फळी, जे येईल त्याच्यावर. "प्रत्येकाची तहान वेगळी असते गो," तू म्हणतेस. "सुती कापड शाई पितं. प्लॅस्टिक नुसतं ओठाशी धरतं." म्हणून ज्याच्यावर छापायचं त्याचाच तुकडा कापून, त्यावर आधी छापून, वाळल्यावर अंगठा घासून बघायचा. हा तुझा नियम. देवाच्या नेमात सूट मिळेल, यात नाही.

आमच्या शाळेच्या बाई निवृत्त झाल्या. मंडळाने त्यांना मानपत्र द्यायचं ठरवलं आणि वाचायला मला उभं केलं. बाजारातल्या छापखानेवाल्याने सॅटिनला हात लावायला नकार दिला, वर तुला म्हणाला, "वहिनी, तुम्हीच बघा. भाकऱ्या थापता तिथंच एक मानपत्र थापून द्या." तू काम घेऊन आलीस. कापड दिलं शेजारच्या चाचीने. तिच्या मुलाने आखातातून आणलेलं, मोतिया रंगाचं. "चाची, एवढं भारी कापड?" "बाईंनी माझ्या पोरांचा हात धरून गिरवून घेतलं. ठेव गो." आणि इथे तू चुकलीस, आई. कात्री हातात घेतलीस, कोपरा धरलास आणि सोडून दिलास. दुसऱ्याने एवढ्या मायेने दिलेल्या कापडाला कात्री कशी लावायची? चाचणी केलीस माझ्या जुन्या सुती परकराच्या तुकड्यावर. त्याने शाई गटागट प्यायली आणि तासाभरात वाळली.

सॅटिन प्यायलंच नाही. समारंभाच्या दिवशी सकाळी छापलेली अक्षरं दुपारीही चकाकत होती. हवा दमट, ऊन नाही. इस्त्री लावावी तर शाई इस्त्रीलाच चिकटणार. दुसरं कापड नाही. मी म्हटलं, "तूच सांगतेस ना, त्याचाच तुकडा..." "तोंड आवर. वारा घाल." मी सूप घेऊन वारा घालते आहे, तुझ्या ओठांवर घाम आहे, आणि मंडळाच्या काकू दारात येऊन विचारतात, "झालं का गुंडाळून?" तेव्हा तू मला आत घेतलंस आणि हळूच बोललीस, "गुंडाळायचं नाही. घडी नाही. दोन्ही कडा धरून उघडं वाच आणि सावकाश वाच. पंख्याखाली वाळेल. घाई केलीस तर बाईंच्या पांढऱ्या पातळाला लागेल, आणि तो छापखानेवाला पहिल्या रांगेत असणार आहे."

आपण ते ताणून धरून रस्त्याने निघालो. पुढे चाची, हात पसरून, "हटा रे, बाजूला व्हा! बाळंतीण नेताव असं समजा!"

मी दोन्ही कडा धरून व्यासपीठावर उभी राहिले. एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. थांबून चकाकी बघायची. पुन्हा एक वाक्य. सभागृह गप्प. लोकांना वाटलं, पोर शब्द तोलते आहे. माझी बोटं कडांवर घामेजली होती, ती मी अक्षरांपासून दूर ठेवत होते, एवढंच. शेवटच्या ओळीला तू पायरी चढून आलीस, कापड सावरल्यासारखं केलंस आणि शेवटच्या अक्षरावर अंगठा दाबलास. मग पदराआडून तो मला दाखवलास. कोरा. बाईंनी मानपत्र घेतलं आणि थेट छातीशी धरलं. त्यांनी ते खाली घेतलं तेव्हा पातळ पांढरंच होतं. खाली उतरल्यावर छापखानेवाला म्हणाला, "वहिनी, पोरगी काय ठासून वाचते हो!" छपाईबद्दल तो एक अक्षरही बोलला नाही, पण पुढच्याच आठवड्यात रेक्झिनची कामं तुझ्याकडे पाठवायला लागला.

आज माझ्या थांबण्याचं कौतुक होतं. तिचा विराम बोलतो, म्हणतात. विषमतेवर, धर्माच्या ठेकेदारांवर मी तुटून पडते, तेव्हा मला निर्भीड म्हणतात. आई, मी अजूनही प्रत्येक वाक्यानंतर चकाकीच बघत असते, आणि पायरीवर तू दिसतेस का ते.

लेकीने कापड नेमकं मापात कापलं, तुकडा उरला नाही. अक्षरं वाळलेली दिसतात. मी अंगठा लावलेला नाही. हे पत्र घडी घालून तुझ्या फोटोमागे ठेवणार होते, पण टेबलावर उघडंच ठेवलं आहे, पंख्याखाली. बॉलपेनने लिहिलंय. ते वाळवावं लागत नाही, हे मला कळतं.