छपरावरचा टहाळ

११ फेब्रुवारी १९९८, बुधवार
दुपारी हॉलमध्ये पाच मिनिटं उभी राहिले आणि ब्लाउज पाठीला चिकटला. फेब्रुवारीतच ही गत. बासष्ट मुली, झोपायला-अभ्यासाला एकच हॉल, वर नुसता पत्रा. लाइट दहाला जाते ती चारला येते, तोवर दोन्ही पंखे आराम करतात. बांधणाऱ्याला आश्रमशाळा बांधायची होती की भाकरीचा तवा, त्याचं त्यालाच ठाऊक.

पत्र्याखाली सीलिंग द्या म्हणून तीन वर्षं संस्थेला लिहितेय. या वेळी उत्तर आलं: "तापमानाची नोंद जोडावी." बरं. प्रथमोपचाराच्या पेटीतला थर्मामीटर काढून खिडकीवरच्या खिळ्याला टांगला. दु. दोनला १०८. माणूस असता तर आटोपला असता.

नोंद ठेवायचं काम जिजीला दिलं. दहावीत आहे, अक्षर टपोरं. तिच्या वाडीतून दहावीपर्यंत आलेली पहिली मुलगी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
नोंद पाठवली. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी. सही केली, टपालात टाकली. न वाचता केली, हे इथे लिहून ठेवते.

२१ फेब्रुवारी, शनिवार
जिजी पडली. दुपारच्या अभ्यासाला बसली होती, पाणी प्यायला म्हणून उठली आणि धाडकन. डोळे फिरलेले. ओल्या टॉवेलने पुसून काढलं, कांदा हुंगवला, टोकावड्याच्या डॉक्टरने पावडरचं पाणी पाजायला सांगितलं. संध्याकाळी ठीक होती.

पण बाजाराला आलेल्या कोणीतरी वाडीवर सांगितलं. दिवस मावळायच्या आत तिचा बाप काळूदादा हजर. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "बाय, पोरगी जित्ती हाय तवर नेतो." पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली, चालू लागला. जिजी मागे वळून वळून बघत गेली.

दहावीचा पहिला पेपर ९ मार्चला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
संस्थेचं पत्र. हेडसरांनी ते सगळ्यांसमोर वाचलं, वाचता वाचता त्यांनाच हसू आवरेना. "पहाटे सहा वाजता १०८? अधीक्षिका बाईंनी स्वतःचा ताप मोजला काय?"

ताप बघायचा थर्मामीटर झटकल्याशिवाय खाली येत नाही. बारा वर्षं मुलींचे ताप बघतेय, दर वेळी झटकते. भिंतीवरचा झटकायचं डोक्यात आलं नाही. पहिल्या दुपारी चढलेला पारा आठवडाभर तिथेच बसून होता.

आता माझ्या नोंदीवर कोण विश्वास ठेवणार? लाज वाटली. जिजी गेली त्याच्यापुढे काहीच नाही, पण वाटली.

२५ फेब्रुवारी, बुधवार
महाशिवरात्रीची सुट्टी. मुलींना स्वयंपाकीणबाईंकडे सोपवून जिजीच्या वाडीवर गेले. टोकावड्यापासून दीड तास चढ. जाताना भाषण पाठ करत गेले होते: शिक्षण, आयुष्य, एक वर्ष वाया.

पोहोचले तेव्हा बारा वाजले होते. काळूदादाचं घर म्हणजे कारवीचा कूड, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेला, वर जाड गवताचं छप्पर, दार एवढं ठेंगणं की डोकं नमवूनच आत जायचं. आत गेले आणि अंगावरून गार वारं फिरल्यासारखं झालं. जिजीच्या आईने पाणी दिलं, घोंगडी टाकली. म्हटलं, दोन मिनिटं टेकते, मग बोलते.

जागी झाले तेव्हा उन्हं कलली होती. दोन तास झोपले! परक्या घरात, तोंड उघडं टाकून. जिजी कोपऱ्यात भूमिती करत बसली होती. मी जागी होऊ नये म्हणून आईने कोंबड्यासुद्धा बाहेर हाकलल्या होत्या.

काळूदादा उंबऱ्यात बसून होता. म्हणाला, "आमच्या घरात बायला झोप लागली. तुमच्या घरात आमची पोर चक्कर येऊन पडती. आता बोला काय बोलायचा ता."

माझं भाषण तिथेच संपलं. म्हटलं, "दादा, तुमचं बरोबर आहे. पण पेपर खाली केंद्रावर आहेत. रोज इथून चालत उतरायचं तर ती पेपरात झोपेल. मी काय करू, तुम्हीच सांगा."

त्याने मान वर करून स्वतःच्या छपराकडे बघितलं. मग विचारलं, "पत्रा माणसाचं वजन घेईल का?"

नोंदीचं जिजीला विचारलं. पहाटेही १०८ लिहिताना वेगळं नाही वाटलं? म्हणाली, "मला वाटला बाई, भिताडाचा ताप उतरलाच नाय."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी आठला काळूदादा आणि वाडीतले बारा-तेरा जण. प्रत्येकाच्या डोक्यावर टहाळाचा भारा. पावसाआधी भाताची दाढ, म्हणजे रोपं करायची जागा, भाजायला झाडांच्या फांद्या पाल्यासकट छाटतात, भारे बांधून उन्हात सुकवत ठेवतात. तोच हा टहाळ.

काळूदादाचा हिशेब सरळ. "कुठंतरी सुकवायचाच ना? हिथं सुकू दे. पोरी गार ऱ्हातील. दाढ भाजायच्या टायमाला आमी आमचा घेऊन जाऊ."

बारा वर्षं अर्ज लिहिणारी मी. हे माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

हेडसर म्हणाले, "मी काही पाहिलं नाही," आणि मुरबाडला निघून गेले. त्यांच्याकडून एवढी मदत पुष्कळ. संध्याकाळपर्यंत तीन खेपा झाल्या. चाळीस भारे. बांबूच्या काठ्या आडव्या टाकून त्यावर पसरले, तारेने बांधले. शाळा लांबून लग्नाच्या मांडवासारखी दिसते.

शेवटच्या खेपेला जिजी आली. पेटी बापाच्या डोक्यावर, पुस्तकं तिच्या हातात. मी पाणी द्यायच्या निमित्ताने आत गेले आणि डोळे पुसले.

२ मार्च, सोमवार
विज्ञानाचे सर रजेवरून आले. प्रयोगशाळेचा खरा थर्मामीटर आज हाती. दु. दोनला ३३ सेल्सिअस. बाहेर ओट्यावर ३७. आता स्वतः बघते, स्वतः लिहिते, सहा वेळा डोळे चोळून. नवी नोंद संस्थेला पाठवणार, म्हणजे आधीची फजिती धुऊन निघेल.

मुली दुपारी चक्क झोपल्या. दुसरीतली बारकी घोरत होती.

९ मार्च, सोमवार
मराठीचा पेपर. आमच्या नऊ मुली जीपने केंद्रावर. जिजी परत आली ती निबंधाबद्दल बोलायचीच थांबेना. बरा गेलाय.

१२ मार्च, गुरुवार
शिमगा. लहान मुली घरी गेल्या, दहावीच्या राहिल्या. गावची होळी शाळेच्या मैदानापलीकडेच. वारं आपल्या बाजूला. पाण्याचे दोन पिंप भरून, बादली हातात घेऊन मी ओट्यावर उभी. ठिणग्या निम्म्या वाटेत विझत होत्या, तरी बादली खाली ठेवली नाही. मला थंडावा दिसला होता, आग दिसली नव्हती. आज दिसली. पण जिजी आत शांतपणे इंग्रजी करत होती, म्हणून टहाळ राहिला.

१६ मार्च, सोमवार
संस्थेचे निरीक्षक साहेब शहापूरहून आले, न कळवता. फाटकातूनच वर बघत आले. "हे काय? शाळा आहे का गोठा?"

मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, वाईट माणूस नाही. म्हणाले, "बाई, एक ठिणगी पडली तर बासष्ट मुलींचं काय? कोण जबाबदार?" चार दिवसांपूर्वी मीच बादली घेऊन उभी होते.

ऑफिसात फार उकडतं म्हणून आदेश लिहायला ते हॉलमध्येच येऊन बसले. 'छपरावरील ज्वालाग्राही वस्तू उतरवण्याचे काम तात्काळ सुरू करावे.' लिहून झाल्यावर म्हणाले, इथे बरं वाटतं नाही? मी म्हटलं, हो साहेब. त्यांना कळलं असावं. पण कागद परत मागितला नाही.

१७ मार्च, मंगळवार
दहावीचे चार पेपर राहिलेत, गणिताचे दोन्ही त्यातच. आदेश दहा वेळा वाचला. 'काम तात्काळ सुरू करावे' लिहिलंय. संपवावे कधी, ते लिहिलेलं नाही.

आज सुरू केलं. एक भारा उतरवला. रोज थोडे थोडे उतरवायचे, लहान मुलींच्या टोकाकडून. दहावीच्या कोपऱ्यावरचे सगळ्यात शेवटी. कोणी विचारलं तर काम चालू आहे.

स्वतःवर खूश होऊन झोपले.

२० मार्च, शुक्रवार
काल संस्थेतून विचारणा आली, काम कुठवर आलं. म्हणून काल-आज मिळून दहा भारे काढावे लागले. लहान मुलींच्या डोक्यावर आता उघडा पत्रा. दुपारी बारकीचा घोळणा फुटला. फ्रॉक रक्ताने माखला. घाबरून रडत होती, "बाई, माझं रगत सरंल." डोक्यावर पाणी थापून थांबवलं. तिला काय माहीत, कोणाचे भारे आधी काढायचे हे मी ठरवलं ते.

संध्याकाळच्या हजेरीला बघते तर बारकी जिजीच्या जागेवर आणि जिजी तिच्या. पत्र्याखाली, भूमितीचं पुस्तक घेऊन. चिडलेच. म्हटलं, उद्या गणित आहे, ऊठ आधी. म्हणाली, "बाई, तिला घोळणा फुटतो. मला निस्ती चक्कर येती."

सगळ्याच लहान मुलींना टहाळाखाली घेतलं. दाटीवाटीने, गुडघ्याला गुडघा लावून. तरी आठ-दहा जणी बाहेर राहतात. जिजी त्यांतच बसते. हलवली तर दुसऱ्या कोणाला तरी हलवावं लागेल, हे तिला समजतं, मलाही.

२३ मार्च, सोमवार
गणिताचा पहिला पेपर शनिवारी झाला, दुसरा आज. जिजी दोन्ही दिवस डोकं धरून परत आली. "येत व्हता बाई, पर डोका चालंनाच." मी म्हटलं, होईल. दुसरं काय म्हणणार?

३१ मार्च, मंगळवार
साठा तपासायचा म्हणून विज्ञानाच्या सरांनी थर्मामीटर परत नेला. मीही दिला. नोंद तर पाठवून झाली होती.

१२ एप्रिल, रविवार
काळूदादा आणि मंडळी उरलेले भारे घेऊन गेली. टहाळ चांगला कडकडीत सुकलाय, म्हणाले, पत्र्यावर लवकर सुकतो. जाताना त्याने पत्र्याला हात लावून बघितला आणि झटकन मागे घेतला. लहान मुलींची परीक्षा अजून दहा दिवस आहे. खिडक्यांना ओली गोणपाटं बांधलीत, दर तासाला भिजवायची.

उद्या शहापूरला घरी. परवा जयंती. आई म्हणाली होती, या वर्षी तरी मिरवणुकीला ये.

१७ जून, बुधवार
निकाल. नवांपैकी सात पास. जिजी गणितात सहा मार्कांनी गेली. बाकी सगळ्यात पास, मराठीत शाळेत पहिली.

सहा मार्क. एक भारा माझ्या मनासारखा आणि दहा संस्थेच्या, यात ते सहा मार्क कुठे गेले ते शोधत बसले दिवसभर. तिला पहिल्या दिवशीच कान धरून उठवायला हवं होतं. पण मग बारकी?

२९ जून, सोमवार
सीलिंगच्या प्रस्तावाचं उत्तर. शब्दशः उतरवते: 'सादर केलेल्या मार्चमधील नोंदीनुसार दुपारचे कमाल तापमान ३३ ते ३४ असल्याने सीलिंगची आवश्यकता दिसून येत नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

पहिली नोंद खोटी म्हणून फेकली, दुसरी खरी म्हणून धरली. दुसरी टहाळाखालची होती. साहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं, कागदाला कोणी सांगितलं नाही. मीच सांगायला हवं होतं. फजिती धुवायची घाई झाली होती मला.

रागाने दोन घास कमी जेवले. पत्र्यावर पाऊस एवढा वाजतोय की कोणाशी भांडायचीही सोय नाही.

५ जुलै, रविवार
जिजी आली. एकटी, इरलं पांघरून, चिखल गुडघ्यापर्यंत. ऑक्टोबरचा फॉर्म भरायचाय म्हणाली. काळूदादाने हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. "बाबा बोलला, लावणी होऊ दे, मंग बघू." नापास मुलीला हॉलमध्ये ठेवता येत नाही, तेही नियमात आहे. हेडसरांना विचारलं. ते म्हणाले, "मी काही पाहिलं नाही," आणि छत्री शोधू लागले.

ऑक्टोबरचं ऊन मार्चच्या तोडीचं. आणि तेव्हा टहाळ नसतो. जुना जळून दाढीत गेला, नवा दिवाळीनंतर छाटतील.

विज्ञानाच्या सरांकडून थर्मामीटर पुन्हा मागून घेतला. या वेळी उघड्या पत्र्याखाली मोजणार. मोजायला ऊन पाहिजे आणि ऊन पडेल तेव्हा जिजीची परीक्षा असेल. म्हणजे संस्थेला दाखवायला तीच तापायची.

फॉर्म भरून घेतला. सही करताना जिजी म्हणाली, "बाई, या टायमाला मी बारकीला जागा देनार नाय हां," आणि हसली.

मला हसता आलं नाही. देईल ती.