ऑक्सिजनचं तिसरं रूप

प्रिय पामुजी,

तू पाठवलेली पेटी काल इस्पितळात पोचली. फळं असतील म्हणून उघडली, तर आत त्याच निळ्या बाटल्या, आणि वर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, 'आईंना लवकर आराम पडो.' आईच्या उजव्या पायाची बोटं काळी पडली आहेत, सडणं घोट्यापर्यंत चढलं आहे, आणि तू तेच पाणी भेट म्हणून पाठवतोस! मी एकेक बाटली मोरीत ओतली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून म्हणाली, "अहो ताई, एवढं महागाचं पाणी फेकताय कशाला? आम्हाला द्या की." तिच्यावर मी उगाच खेकसले. तिचा काय दोष? तिनेही कुठेतरी वाचलंच असणार.

तू कॉलेजसाठी पुर्वोकर्तोला आलास आणि आमची मागची खोली भाड्याने घेतलीस, तेव्हा हाडांचा नुसता सापळा होतास. आई संध्याकाळी दारात कढई मांडून मेंदोआन तळायची. टेम्पेचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचं, पहिलं मऊ भजं तुझ्या बशीत पडायचं, मग माझ्या. तू बसस्टँडवरून शब्दकोड्यांचं पुस्तक आणायचास, मुखपृष्ठावर कुणीतरी नटी दात काढून हसत असायची, आणि चुलीपाशी बसून आईला कोड्यातलं एकेक सूत्र वाचून दाखवायचास. आईची शाळा लवकर सुटली होती, पण डोकं तल्लख. पेन्सिलीत असतो तो कार्बन कुठला, वीज कडाडल्यावर वास येतो ते ऑक्सिजनचं रूप कुठलं, जड पाण्यात कुठला हायड्रोजन, सगळं तिला पाठ झालं. ग्रॅफाइट आणि हिरा एकाच कार्बनचे, हे तू सांगितलंस तेव्हा ती झारा हातात धरून कितीतरी वेळ हसत होती. "म्हणजे सख्खे भाऊच की रे! एक पोरांच्या दप्तरात आणि दुसरा कलेक्टरीणबाईंच्या बोटात. आमच्या भावांसारखंच झालं." मी त्या वर्षी रसायनशास्त्र घेतलं ते तुमच्या दोघांमुळे. म्हणजे खरं तर तुझ्यामुळे, पण तो विषय आता नको.

आईचा एक नियम तूच तिला घालून दिला होतास. आधी सगळ्या चौकटी भरायच्या, मग मागच्या पानावरची उत्तरं बघायची, आणि तिथे जुळलं की ते पक्कं. मागच्या पानापुढे तिने कुणाचंच कधी ऐकलं नाही, माझंही नाही. मी शाळेत रसायनशास्त्रच शिकवते, तरी मला म्हणते, "तू गप गं, इथे छापलंय."

आणि मग तू जकार्ताला जाऊन स्वतःच कोड्यांची पुस्तकं काढायला लागलास. मागच्या मुखपृष्ठावर तुझा फोटो बघून आई गल्लीभर मिरवली. भजी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "हा आमचा पामुजी. माझ्या कढईतलं खाऊन मोठा झालाय." तुझ्याच पुस्तकात तिला ते सूत्र सापडलं. 'साखरेचा आजार मुळापासून घालवणारं ऑक्सिजनचं रूप.' उत्तर, 'सक्रिय'. शेजारच्या पानावर सक्रिय ऑक्सिजनच्या पाण्याची जाहिरात, निळी बाटली. पामुजी, तुला परीक्षेत पहिला वर्ग होता. ऑक्सिजनची दोन रूपं, एक आपण श्वासात घेतो ते आणि दुसरं ओझोन, हे माझ्या वर्गातलं ढ पोरही सांगतं. तिसरं तू काढलंस, पाणीवाल्यांनी काढायला सांगितलं म्हणून. केसाने गळा कापणं यालाच म्हणतात.

आईने डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या आणि मला सांगितलंच नाही. मी चिलाचापला नोकरीला असते, शनिवारी घरी येते. एका शनिवारी दार उघडलं तर खोबरेल, उदबत्ती आणि त्यांच्या खालून येणारा एक गोडसर कुजका वास. मला वाटलं उंदीर मेलाय. मी खाटेखाली वाकले, तिथे रिकाम्या निळ्या बाटल्यांची रास होती. वास बाटल्यांचा नव्हता. आईने पाय चादरीत गुंडाळून घेतला होता आणि माशी बसू नये म्हणून तुझ्याच पुस्तकाने वारा घेत होती. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. हातही पुन्हा पुन्हा धुते.

तुला फोन केला तर तू काय म्हणालास, आठवतं? "अगं विगाती, कोडं ही करमणूक असते. कोडं वाचून कुणी गोळ्या सोडतं का?" आणि वर, "पाणीवाले नसते तर पुस्तक कधीच बंद पडलं असतं." तुझा आवाज इतका मऊ होता की मला त्याचीच जास्त शिसारी आली. भांडला असतास तर निदान माणूस तरी वाटला असतास. त्यानंतर तू माझे फोन उचलणं बंद केलंस. म्हणून हे पत्र मामेभाऊ दार्सोनोबरोबर पाठवते आहे. तू ते वाचून होईपर्यंत तुझ्या समोरून हलायचं नाही, असं त्याला बजावलं आहे.

तुझ्याकडून मला माफी नको, पैसेही नकोत. डॉक्टर म्हणतात, पाय गुडघ्याखाली काढला तर आई वाचेल, आणि या आठवड्यात काढला तरच. आई संमतीच्या कागदावर सही करायला तयार नाही. काल तिने पुस्तक मागून घेतलं, ते पान काढलं आणि सूत्रावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचलं. मग मला म्हणाली, "माझंच चुकलं असणार गं. जेवणाआधी प्यायचं असेल, मी नंतर प्यायले. पामुजीला विचार, तो सांगेल. या खेपेला नीट पिते, मग पाय बरा होतो की नाही बघ." ते पाणी नुसतं पाणी आहे, हे मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, मशिदीतल्या काकांनीही सांगून पाहिलं. ती हसते आणि म्हणते, "तुम्हाला काय कळतंय, तो लिहितो." तेव्हा ये. दार्सोनोबरोबर आजच निघ. तिच्या खाटेपाशी बस, तिचा हात हातात घे, त्या पायाचा वास नाकात जाऊ दे, आणि तुझ्या तोंडाने तिला सांग की तिचं उत्तर चुकलं नव्हतं, तू छापलेलं खोटं होतं. दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाही.

एके काळी तुझीच,
विगाती