बॉयलरपुढचा नारळ

डंडी, स्कॉटलंड
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप लाहू काकाला धनेशचा वाकून नमस्कार.

तोंडाने मी तुला अरे-तुरे करतो, म्हणून कागदावर तरी 'आपण' लिहावं असं ठरवलं होतं. पण मग तुला वाटलं असतं की पत्र बँकेतून आलंय. तुझा गुडघा कसा आहे? काकीचा खोकला? भात कापून झालं, की माणसं अजून चिकूच्या वाड्यांतच अडकलीत? फोनवर विचारलं की तू 'बरा आहे' म्हणतोस आणि फोन काकीच्या हातात देतोस, म्हणून हे पत्र. घरात दक्षा आहे, ती वाचून दाखवेल. (दक्षा, कंसातलं फक्त तुझ्यासाठी. काकाला वाचून दाखवू नकोस. कंस आला की खोकल्यासारखं कर आणि पुढे जा.)

काकी दर वेळी विचारते, धन्या कायम झाला का. अजून नाही. पुढच्या महिन्यापर्यंत इथल्या एका वृद्धाश्रमाचं हीटिंग सुरू करायचं आहे. ते वेळेवर सुरू झालं तर मी कायम, नाहीतर सामान बांधून परत गावी, रानशेतला. आणि ते काम सध्या एका नारळापाशी अडलंय.

गावात अजून मला फ्रिजवाला समजतात म्हणून माझं काम काय ते परत सांगतो. आगरला बर्फाच्या कारखान्यात हातगाडी ओढली, मग डिप्लोमा, मग वापीला रोज जाऊन-येऊन एसीचे पत्रे ठोकले, मग दुबईत लोकांना गार केलं आणि आता इथे त्यांना गरम करतो. इथे घरं इतकी गच्च बांधतात की आत हवा जायलाही मशीन लागतं. त्या मशीनचा मी इंजिनीअर. आपल्या कुडाच्या घरांत माझ्या धंद्याला गिऱ्हाईक मिळालं नसतं. मागच्या सुट्टीत सरपंचांचा फ्रिज मी उघडला तो अजून बंद आहे असं ऐकतो. त्यांना सांग, फ्रिज हा वेगळा विषय आहे. (आत पाल होती, दक्षा. ती आधी मेली, मग मी आलो.)

तर नारळ. मी निघालो तेव्हा तू म्हणाला होतास, "कुठं बी आग पेटव, पन आधी देवाला सांग." मी तेव्हा मान हलवली आणि विसरलो. इथे पहिल्यांदा एका शाळेचा बॉयलर मला एकट्याला पेटवायला दिला, बाहेर बर्फ पडत होता. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानातून नारळ आणि अगरबत्ती आणली, बॉयलरपुढे बसलो, देवाला सांगितलं. अगरबत्ती मी नेमकी धुराच्या घंटीखाली लावली. ती घंटी कुठे बसवायची हे माझ्याच नकाशावर माझ्याच हाताने काढलेलं होतं. सगळी शाळा बाहेर, पोरं बर्फात उड्या मारतायत, आणि आगीचे बंब आले ते थेट माझ्या नारळापाशी.

आमच्या मोठ्या बाई मॉरा यांनी बोलावलं. वाटलं, संपलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, अगरबत्ती पुन्हा दिसता कामा नये. नारळाबद्दल काही बोलल्या नाहीत. त्या हिवाळ्यात शहरातले चार बॉयलर बंद पडले, शाळेचा पडला नाही. (मी वॉल्व्ह चांगल्या कंपनीचे लावले होते. पण हे कोणाला सांगायचं नाही.) झालं. आता आमचा फोरमन कॅलम, सहा फुटी गडी, म्हणतो, नारळ फुटल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. बाकीचे त्याच्यामागे. हेल्मेट काढून, माना खाली घालून उभे राहतात.

मग सेफ्टीवाल्यांच्या कानावर गेलं. त्यांनी बंदी घातली असती तर बरं झालं असतं. त्यांनी नियम केले. नारळ फोडताना डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, भोवती पिवळी पट्टी, पाणी बादलीतच पडलं पाहिजे, आणि खोबरं वाटण्याआधी प्रत्येकाला विचारायचं की खोबऱ्याने अंगावर पुरळ येतं का. हेही सगळं केलं. आता त्यांचं म्हणणं, फोडणाऱ्याला शिकवलं कोणी? सर्टिफिकेट दाखवा. सर्टिफिकेट नाही तर नारळ नाही, नारळ नाही तर कॅलम बटण दाबत नाही, आणि तिकडे म्हातारी माणसं घोंगड्या पांघरून बसलीत.

सगळ्यांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
धनेश

ता. क. : तेव्हा काका, गावचा भगत म्हणून तुझं एक सर्टिफिकेट हवंय, नारळ फोडायला शिकवल्याचं. दक्षा लिहील, तू अंगठा दे. अंगठा चालेल का, असं सेफ्टीवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, सहीपेक्षा बरा. फोटो काढून लगेच पाठवा.

ता. क. २ : नाव माझं नको, कॅलमचं घाला. माझा नारळ अजून एका घावात फुटत नाही, तुला माहीत आहे. तो फोडतो, मी फक्त देवांची नावं घेतो.

ता. क. ३ : (दक्षा, धरतरी, कणसरी, गावदेव, वाघदेव, इथवर मला येतं. त्यापुढे आठवत नाही. पहिल्या दिवशी भीतीने तोंड थांबेना, म्हणून त्याच सुरात वापीच्या गाडीची स्टेशनं म्हणालो : घोलवड, उंबरगाव, संजाण, भिलाड. तेव्हापासून तीच चालू आहेत. कॅलमचीही पाठ झालीत, भिलाडला त्याचे डोळे मिटतात. काका म्हणायचा, पोरं सगळी कंपनीत गेली, माझ्यामागं नावं कोण घेणार. तेव्हा मी मोबाइल बघत होतो. वाघदेवाच्या पुढे कोण, ते त्याला विचार. सगळी नावं हवीत, शेवटपर्यंत, आणि त्याच्या तोंडून. रोज संध्याकाळी मी फोन करीन, त्याने काकीकडे देऊ नये. हा कंस मात्र त्याला वाचून दाखव.)