म्हशीचे पाय

३ फेब्रु., सोम.
म्हैस संपली. सहा फूट कॅनव्हास. मेलेली, चारी पाय बांधून बांबूला उलटी टांगलेली. खांदा देणारे चौघे इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. दोन महिने हेच. ब्रश धुतले, पाचवीच्या चित्रकलेच्या वह्या तपासल्या. आनंद वगैरे काही नाही.

५ फेब्रु., बुध.
शाळा सुटल्यावर ठाणे. नौपाड्यातल्या गॅलरीवाल्यांना फोटो दाखवले.
"मॅडम, गाय नाहीये ना ही?"
"म्हैस."
"मग हरकत नाही."
सोमवारी टेम्पो पाठवतायत. माणसांबद्दल एक शब्द विचारला नाही. मीही सांगितलं नाही. चहा बरा होता. कल्याणला परत साडेसात.

६ फेब्रु., गुरु.
अण्णा खोलीत आले. एरवी येत नाहीत. चित्रासमोर उभे. मग, "धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी माझ्या बापाने ढोरं ओढणं टाकलं. तू परत आमच्या खांद्यावर दिलंस."
म्हटलं, अण्णा, हे आजचे लोक आहेत, ऑफिसातले.
"खाली तुझं नाव असेल ना? लोक आडनाव वाचतात."
ते जेवले नाहीत. मी जेवले. भाजी अळणी होती, हे आईने सांगितल्यावर कळलं.

८ फेब्रु., शनि.
आईकरवी निरोप: "तुझे अण्णा म्हणतायत, नाव न घालता लाव." मग चित्र काढलं कशाला? गॅलरीला 'नको' म्हणून कळवावं... फोन उचलला, ठेवला.

९ फेब्रु., रवि.
सकाळी अण्णा पुन्हा. चष्मा लावून पायांपाशी वाकले.
"चारी एकत्र बांधलेस. चालताना ढोर झोके खातं अशाने. पुढचे दोन वेगळे, मागचे वेगळे."
बाल्कनीतली कपड्यांची दोरी सोडून आणली, माझं स्टूल उलटं केलं, बांधून दाखवलं. हात कुठे अडला नाही.
तुम्हाला कसं माहीत?
"लगेच नाही सुटलं. गावाने सोडलं नाही. सोळा वर्षांचा होईस्तोवर मीही खांदा दिलाय. तुझ्या आईला माहीत नाही."
आंघोळीला गेले. नावाचं काहीच बोलले नाहीत. मला रडू यायला हवं होतं. नाही आलं.

१० फेब्रु., सोम.
शाळेत रजा. पाय पुन्हा रंगवले, पुढचे वेगळे, मागचे वेगळे. रंग ओला आहे. स्टूल अजून बांधलेलंच. बाहेर आई विचारतेय, माझी दोरी कुणी नेली. अण्णांनी पेपर तोंडापुढे धरलाय. खाली टेम्पो आलाय. कोपऱ्यात नाव अजून घातलेलं नाही.