तुझ्या मापाची सीट

प्रिय व्हिगिल,

हे पत्र फिलोमेना तुला वाचून दाखवेल. तेव्हा पोरी, जिथं मी तुझ्या बापाला नावं ठेवली असतील तिथं काही गाळू नकोस, आणि जिथं स्वतःला ठेवली असतील तिथं जरा मोठ्यानं वाच. चार वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. एवढ्या वर्षांनी पत्र लिहायचं तर हवापाण्याच्या चौकशीनं सुरुवात करायला लाज वाटते, म्हणून सरळ सांगतो. काल तुझी सायकल चालवली.

तीन आठवडे ती लाकडांच्या थप्पीला टेकून उभी होती. सकाळी सरपण आणायला गेलो की दिसायची, मी मान फिरवायचो. जुनी थकली म्हणून ही नवी विजेची सायकल तू मागवलीस, अख्खा हिवाळा तिची वाट पाहिलीस, आणि ती आली तेव्हा अर्धांगानं तुझी उजवी बाजू गेलेली. तिच्याबद्दल ऐकायचा पहिला हक्क तुझाच आहे. तू सुतार माणूस, मोघम बोललेलं तुला खपत नाही, म्हणून होतं तसं सांगतो.

पहिली गोष्ट सीटची. दुकानदारानं ती तुझ्या मापाची लावून दिलीय. तू माझ्याहून चार बोटं उंच, आणि शाळेपासून ते तू मला एक दिवस विसरू दिलं नाहीस. माझे फक्त अंगठे जमिनीला टेकतात. उतारासाठी बटण दाबलं की सीट खाली जाते, पण परत वर आली की तुझ्याच उंचीला येऊन थांबते. पाना घेऊन कायमची खाली करायला पाच मिनिटं लागली असती. केली नाही. आधी हट्टानं केली नाही, नंतर करावीशी वाटली नाही.

दुसरं म्हणजे वजन. दुधाच्या भरल्या कॅनएवढी जड आहे ही बाई. शेडमधून बाहेर काढतानाच गुडघ्यानं हाक दिली. मागच्या वर्षी तो उघडून आत धातू बसवलाय, ते तुझ्या कानावर आलंच असेल, नाहीतर सायकल माझ्याकडे आली नसती. दोन उन्हाळे मी डोंगरावर गेलेलो नाही. खिडकीत बसतो, दुपारी पावाचे गोळे घातलेलं सूप एकट्यापुरतं करतो, ते दोन दिवस पुरतं. माझी बायको वालबुर्गा गेल्यावर वाटलं होतं की एकटेपणाची सवय होईल. सवय होते, पण तिचं काही भलं होत नाही.

पेडलवर पाय ठेवला आणि ती निघालीच, माझं ठरायच्या आधी. चर्चसमोरच्या हौदात पडता पडता वाचलो. तिथं दोन बायका पाणी भरत होत्या, म्हणजे एव्हाना गावभर झालं असेल. आवाज मला वाटला होता तसा नाही. आईच्या शिवणयंत्रासारखी बारीक घरघर आहे, तीही जोर लावला तरच. आणि एक सांगतो, तिला नुसतं बसून राहिलेलं चालत नाही. आपण पाय मारावा तेवढीच ती मारते. पाय थांबवला की तीही थांबते, फक्त अर्धा क्षण उशिरा. जंगलातल्या चौथ्या वळणावर त्या अर्ध्या क्षणानं मला झुडपात नेऊन बसवलं. मी समजत होतो की मोटार माणसाला बसल्या जागी वर नेते. हे कोण म्हणत होतं? तेहतीस वर्षं ज्यानं डोंगरावर जाणारी खुर्च्यांची लिफ्ट चालवली आणि पाहुण्यांना बसल्या जागी ओढून वर नेलं, तो मी. दिवसभर मोटारीला तेल घालायचं आणि संध्याकाळी तुझ्या अंगणात बसून मोटारवाल्यांना नावं ठेवायची. नाकानं कांदे सोलण्यात माझा हात कोणी धरला नसता.

लार्चच्या झाडांमधला तो उभा चढ आठवतोय ना? तिथं आपण कधीच बोललो नाही. बोलणारच कसं, जीव नाकात आलेला असायचा. चाळीस वर्षं तुझी पाठ आणि तुझं धापा टाकणं एवढंच मी त्या चढावर ऐकलं. काल तो चढ मी चढत होतो आणि एकाएकी लक्षात आलं की माझ्या छातीत श्वास शिल्लक आहे. बोलता येईल एवढा. मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा, “व्हिगिल, डावीकडची फांदी तोडली बघ कुणीतरी.” चार वर्षांपूर्वी तू नवी विजेची सायकल घेऊन माझ्या दारात आलास तेव्हा हेच सांगत होतास. म्हणालास, कासियान, आता चढावर गप्पा मारता येतील, तूही एक घे. मी म्हणालो, गप्पा मारायला गुत्ता आहे. काल त्या चढावर मला गप्पा मारायच्या होत्या रे, आणि शेजारी कोणी नव्हतं.

नव्या माणसाचा मूर्खपणा म्हणशील तर तोही केला. हँडलवर जोर वाढवायच्या पायऱ्या आहेत. मी हुरळून गेलो आणि घरापासून सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली. वरच्या कुरणाशी पोचेपर्यंत बॅटरीची शेवटची रेघ उरली होती. तिथं गाई सांभाळणारी नोटबुर्गा गोठ्याच्या दारात धारेची बादली घेऊन उभी. गावात विजेच्या सायकलींवर सगळ्यात जास्त दात मीच खाल्लेले तिला माहीत, त्यामुळे तिनं आधी सायकल पाहिली, मग मला पाहिलं, मग बादली खाली ठेवली. हसायला दोन्ही हात मोकळे हवे होते तिला. ताक दिलं, चीजचा तुकडा दिला, आणि बटण कुठलं ते दाखवलं. म्हणाली, “हे दाबून ठेव म्हाताऱ्या, म्हणजे ढकलताना ती तुझ्याबरोबर चालते. सगळे पाहुणे दाबतात. व्हिगिलही दाबायचा.” मी विचारलं, व्हिगिल कधी आला होता? तर म्हणाली, “दर सप्टेंबरात, गाई खाली गेल्या की, मी मागं आवराआवर करत असते तेव्हा, एकटाच. मला वाटलं तुला माहीत आहे.”

मला माहीत नव्हतं. आता ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू?

ते बटण मी दाबलं नाही. शेवटचे दोनशे मीटर ते धूड माझ्या या गुडघ्यानं ढकलत नेलं, दर दहा पावलांवर थांबत. शिखरावरच्या क्रूसाशी पोचलो तेव्हा वर कोणी नव्हतं. वारा होता, आणि क्रूसाला बांधलेली तार वाजत होती. वर पोचलं की आपण आधी काय करायचो? पाणी नाही, बसणं नाही, आधी हात मिळवायचा. तुझ्या आजोबांनी शिकवलं होतं ते आपल्याला. खाली भांडण झालेलं असलं तरी वर हात मिळवायचाच. काल माझा हात आपोआप पुढे झाला, आणि तो कुठं ठेवावा मला कळेना. शेवटी मी ती तार धरून उभा राहिलो.

चार वर्षांपूर्वी त्याच जागी तू हात पुढे केला होतास. तुझ्या कपाळावर घाम होता, ओठ निळसर झाले होते, हे मला आज दिसतंय, तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मला फक्त सायकल दिसली. आणि मी म्हणालो, “तुझा कशाला पुढे करतोस? मोटारीला हात असेल तर तिचा कर.” तिथं ब्रेसानोने शहरातली दोन माणसं बसली होती, ती हसली. ती हसली म्हणून मला चेव आला. वर पोचणाऱ्यानं नाव लिहायची ती शिखराची वही मी उघडली, तू नुकतंच लिहिलेलं तुझं नाव शोधलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘मोटारीनं’. ज्या पेटीत ती वही राहते ती पेटी तू स्वतः केलेली. तू हात खिशात घातलास आणि उतरायला लागलास. वळून बघशील म्हणून मी वाट पाहिली. मग वाटलं, उद्या येईल. मग वाटलं, आपण कशाला जायचं. असं करत करत चार वर्षं गेली. चूक माझी होती, व्हिगिल. ती मला त्या दिवशी संध्याकाळीच कळली होती.

तुझ्या हृदयाची झडप बिघडलीय, हे मला फिलोमेनाकडून गेल्या महिन्यात कळलं, सायकल उतरवून घेताना. डॉक्टरनं सांगितलं होतं, मोटार घे नाहीतर डोंगर सोड. मी तिच्यावरच ओरडलो, मला का नाही सांगितलं म्हणून. ती शांतपणे म्हणाली, “बाबा म्हणायचे, कासियानला कळलं तर तो माझ्यासाठी हळू चालेल. त्याला ते जमणार नाही आणि मला ते बघवणार नाही.” मग मी विचारलं की सायकल माझ्याकडे का. तिनं सांगितलं, आता तुझे शब्द मोजकेच निघतात. सायकल आली त्या दिवशी तू खुर्चीतून तिच्याकडे बोट केलंस आणि माझं नाव घेतलंस. दोनदा घेतलंस म्हणे. पहिल्यांदा तिला नीट ऐकू आलं होतं, पण खरं वाटलं नाही.

काल वर मी चार वर्षांनी पहिल्यांदा पेटी उघडली. वही तीच आहे, अजून भरलेली नाही. माझी ती रेघ सापडली. इतकी दाबून मारली होती की मागच्या पानावर उमटलीय. मग पुढची पानं पाहिली. पुढच्या तिन्ही सप्टेंबरांत एकेक ओळ, सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं. ‘एक जण, मोटारीनं. धुकं.’ ‘एक जण, मोटारीनं. वारा.’ ‘एक जण, मोटारीनं. स्वच्छ.’ नाव एकाही ठिकाणी नाही. तुझ्याच केलेल्या पेटीतल्या वहीत तू तीन वर्षं नाव न लिहिता उतरलास, ते माझ्यामुळे. मी तिथं बसून रडलो, हे नोटबुर्गाला कळता कामा नये.

मग मी लिहिलं. तारीख घातली आणि खाली, ‘व्हिगिल आणि कासियान, मोटारीनं.’ शेवटचे दोनशे मीटर पायांनी आलो हे लिहायचा मोह झाला होता, जित्याची खोड. नाही लिहिलं.

उतरताना ती फार छान चालली. चढावर जे वजन नको वाटतं तेच उतारावर तिला दगडांवर बसवून ठेवतं, हलू देत नाही. ब्रेक दोन बोटांत लागतात. तुला आवडली असती. काही ठिकाणी मी उगाच वेगात सोडली, तू सोडली असतीस तशी.

आता हे पत्र कशासाठी, ते. येत्या रविवारी मी मेरानोला, फिलोमेनाच्या घरी तुला भेटायला येतोय. बसनं नाही, त्या सायकलवरून, नदीकाठच्या रस्त्यानं, आणि यावेळी सगळ्यात खालच्या पायरीवर. जेवायला थांबेन की दारातूनच परत जाईन, हे तू ठरव. तुला बोलायला कष्ट पडत असतील तर बोलू नकोस, मीच बोलेन, चार वर्षांचं साठलंय. पण आधी एक काम आहे, ते वर करायचं राहून गेलं. फिलोमेना म्हणते, तुझा उजवा हात उचलला जात नाही. मग डावा चालेल. मी तुझ्यापुढे येऊन उभा राहीन आणि माझा डावा हात पुढे करीन. तू घेतलास तर घेतलास. नाही घेतलास तरी मी वळून खाली उतरणार नाही, तसाच उभा राहीन.

सीट तुझ्याच मापाची ठेवलीय.

हात पुढे करायला चार वर्षं लावणारा, तरीही तुझाच,
कासियान